भाषणाआधीची तालीम

डिसेंबर १९५५. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात मुलांना खेळ शिकवणारा एक अमेरिकी मिशनरी ‘नागपूर टाइम्स’ वाचत बसला होता. अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्याच्या नजरेस पडली. तो एवढ्या जोरानं ओरडला आणि टाळ्या पिटू लागला, की काय झालं म्हणून शेजारचा माणूस धावत आला. हा किस्सा त्यानंच पुढे अनेकांना सांगितला. त्याचं नाव जेम्स लॉसन, वय सत्तावीस. कोरियाच्या युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती नाकारली म्हणून तुरुंग भोगून तो आला होता. गांधी वाचलेला होता आणि आता गांधींच्या देशात तीन वर्षं राहत होता.

मी नागपूरचाच. हिस्लॉपसमोरच्या रस्त्यावरून किती वेळा सायकल हाकली असेल, गणती नाही. पण अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचा एक धागा या आवारातून गेलाय, हे मला चाळिशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. यात नवल नाही. त्या चळवळीची आपल्याकडची आठवण तीन चित्रांची आहे: बसमधली दमलेली शिवणकामवाली बाई, वॉशिंग्टनमधलं मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण, आणि मेम्फिसच्या मोटेलची ती बाल्कनी. एक बाई उठली नाही, एक पुरुष बोलला, मग त्याला मारलं आणि अमेरिका बदलली. मधली बारा-तेरा वर्षं कुठे गेली, हे आपण विचारत नाही.

त्या वर्षांतलं काम काय होतं, यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे: तालीम. पैलवानाची तालीम असते, तिथे अंगाला माती लागते आणि पडायचं कसं हे आधी शिकवतात. नाटकवाल्यांचीही तालीम असते, तिथे प्रयोगाच्या रात्री जे आपसूक वाटावं ते शंभरदा घोटून घेतात. अमेरिकेच्या दक्षिणेत १९५५ ते १९६५ या दहा वर्षांत जे घडलं, ते या दोन्ही अर्थांनी तालमीत घडलं, असं माझं मत आहे. समाजाचं मन आधी बदललं आणि मग चळवळ जिंकली, हा क्रम उलटा आहे. आणि हा उलटा क्रम आपण इतक्या आवडीनं सांगतो, त्याचं कारण उघड आहे. त्यात कुणालाच काही काम करावं लागत नाही, चांगल्या भाषणाची वाट पाहिली की झालं.

आधी त्या दमलेल्या बाईकडे बघू. १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी रोझा पार्क्स यांना अटक झाली तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या. पाय दुखत होते म्हणून त्या उठल्या नाहीत, ही गोष्ट त्यांनी स्वतःच पुढे खोडून काढली. १९४३ पासून त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या मॉन्टगोमेरी शाखेच्या सचिव होत्या. खेड्यापाड्यांतल्या अत्याचारांची टिपणं घेणं, साक्षीदारांना भेटणं, हे त्यांचं काम. त्याच उन्हाळ्यात टेनेसीमधल्या हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्त्यांच्या शाळेत त्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. आणि बसमध्ये न उठलेल्या त्या पहिल्या नव्हेत. मार्चमध्ये क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीला याच कारणासाठी फरफटत उतरवलं होतं. पुढाऱ्यांनी तिच्या नावावर लढा उभारला नाही. मुलगी गरीब घरातली, तापट; काही महिन्यांत तिला दिवस गेले, लग्न झालेलं नव्हतं. गोऱ्यांची वर्तमानपत्रं तिच्या चारित्र्याचे धिंडवडे काढतील, असा हिशेब झाला. हिशेब बरोबर असेल, पण मला तो आजही खुपतो. चळवळीही चेहरे निवडतात, आणि निवडताना समाजाचेच तराजू वापरतात.

पार्क्स यांना अटक झाली त्या रात्री जो ॲन रॉबिन्सन झोपल्या नाहीत. त्या अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या कृष्णवर्णीय बायकांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. या संघटनेनं मे १९५४ मध्येच महापौरांना पत्र लिहून कळवलं होतं की बसमधली वागणूक सुधारली नाही तर लोक बसवर बहिष्कार टाकतील. म्हणजे तयारी दीड वर्षांची. फक्त तारीख यायची होती. रॉबिन्सन यांनी एक सहकारी आणि दोन विद्यार्थी सोबत घेऊन कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर रात्रभर हजारो पत्रकं काढली. सकाळी वर्गावर जाऊन शिकवलं आणि मग गठ्ठे गाडीत टाकून ते शाळाशाळांत, दुकानांत पोचवले. सरकारी कॉलेजचा कागद वापरल्याचं कळलं असतं तर नोकरी गेली असती. सायक्लोस्टाइलची शाई हाताला लागली की दोन दिवस जात नाही, हे माझ्या पिढीच्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.

बहिष्कार एका दिवसाचा ठरला होता, सोमवार ५ डिसेंबरचा. तो ३८१ दिवस चालला. या आकड्यावर जरा थांबायला हवं, कारण ३८१ दिवस लोक भाषणावर चालत नाहीत. बसच्या प्रवाशांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. त्यातल्या बहुतेक बाया गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणं, मुलं सांभाळणं अशी कामं करणाऱ्या. त्यांना रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला नेणार कोण? पहिले काही दिवस कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, दहा सेंटांत, लोकांना नेलं. शहरानं लगेच जुना नियम काढला: टॅक्सीला किमान ४५ सेंट घ्यायलाच हवेत. मग खासगी गाड्या आल्या. याआधी दोन वर्षं, १९५३ मध्ये, लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये असाच छोटा बहिष्कार झाला होता. तिथल्या टी. जे. जेमिसन या धर्मगुरूंकडून व्यवस्था कशी लावायची ते विचारून घेतलं. सुमारे तीनशे गाड्या, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. पुढे चर्चच्या नावावर स्टेशन वॅगन घेतल्या. मग विमा कंपन्यांनी त्या गाड्यांचे विमे रद्द करायला सुरुवात केली. विमा नाही तर गाडी रस्त्यावर नाही. अखेर अटलांटातल्या एका कृष्णवर्णीय विमा एजंटानं थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवून दिला. या लढ्याची कोंडी विम्याच्या कागदावर होणार होती आणि तिथेच ती फुटली, हे मला कुठल्याही भाषणाइतकंच थरारक वाटतं.

पेट्रोलला पैसा लागतो. जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकीण बाईंनी काही मैत्रिणींना गोळा केलं आणि घरी सँडविच, तळलेले मासे, रताळ्याचं सारण भरलेले ‘पाय’ (pie), केक करून विकायला सुरुवात केली. ब्युटी पार्लरात, टॅक्सी स्टँडवर, चर्चच्या दारात. काही गिऱ्हाइकं गोरी होती आणि आपण काय विकत घेतोय ते त्यांना ठाऊक नव्हतं. मंडळाचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे कुठलंच नाही असं मंडळ. पैसा कुठून आला विचारलं तर उत्तर खरंच द्यायचं: कुठूनच नाही. पैसे देणाऱ्यांत गोऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या बायका होत्या. नाव निघालं तर त्यांचं काम सुटणार होतं. बहिष्काराचं नेतृत्व करणाऱ्या किंग यांच्यावरच्या खटल्यात साक्ष दिली म्हणून गिल्मोर यांची स्वतःची नोकरी गेलीच. दर सोमवारच्या सभेत त्या उठून आठवड्याची रक्कम जाहीर करत. गावाच्या दुसऱ्या भागातल्या बायकांनीही आपलं मंडळ काढलं आणि दोघींत जास्त कोण जमवतं याची चुरस लागली. आपल्याकडे भिशी चालवणाऱ्या कुठल्याही बाईला ही व्यवस्था एका वाक्यात समजेल.

एकदा आमच्या भागात पाण्याच्या प्रश्नावर ठिय्या धरला होता. मीही त्यात होतो. पहिल्या दिवशी लाउडस्पीकर होता, हार होते, फोटोग्राफर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बसलेल्या माणसांना प्यायला पाणी नव्हतं, पाण्याच्याच आंदोलनात. तिसऱ्या दिवशी बसायला कुणी नव्हतं. तेव्हा आम्ही जनतेला नावं ठेवली. लोक थंड आहेत, पेटत नाहीत वगैरे. खरं तर डबा कोण आणणार, हे आम्ही कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

मॉन्टगोमेरीचा लढा कोर्टात संपला. चार बायकांनी दाखल केलेल्या ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ या दाव्यावर नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बसमधली वर्णविभागणी घटनाबाह्य ठरवली. त्या चौघींतली एक म्हणजे क्लॉडेट कोल्विन. चेहरा म्हणून नाकारलेली मुलगी दाव्यात मात्र चालली.

आता पुन्हा लॉसनकडे. १९५६ मध्ये ते अमेरिकेला परतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. लॉसन ते पाहायला थांबले नव्हते याची मला हळहळ वाटते. त्या सोहळ्याचंही आपण तेच करतो: बाबासाहेब आठवतात, बावीस प्रतिज्ञा आठवतात. पण गावोगावच्या लोकांची राहण्याची सोय, मैदान, परवानग्या हे सगळं जुळवणारे वामनराव गोडबोले किती जणांना आठवतात?

फेब्रुवारी १९५७ मध्ये ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात लॉसन आणि किंग भेटले. दोघंही २८ वर्षांचे. लॉसन म्हणाले, शिक्षण पुरं करून कधीतरी दक्षिणेत येईन म्हणतो. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ता या. १९५८ मध्ये लॉसन टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात आले, व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागले आणि चर्चच्या तळघरात त्यांनी वर्ग सुरू केले. १९५९ च्या हिवाळ्याआधी तिथे येणाऱ्या मुलांत डायॅन नॅश होत्या, जॉन लुइस होते, बर्नार्ड लाफायेट, जेम्स बेव्हेल होते. बहुतेक विशीच्या आसपासचे.

लक्ष्य ठरलं गावातल्या मोठ्या दुकानांचे लंच काउंटर. वूलवर्थसारख्या दुकानात कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला साबण, वही, कापड सगळं विकत मिळे. पण त्याच दुकानातल्या काउंटरवर स्टुलावर बसून कॉफी मागितली तर मिळत नसे. पैसे चालत, बसणं चालत नसे. मराठी वाचकाला याचं भाषांतर करून सांगायची गरज नाही. वेगळी ठेवलेली कपबशी आपण पाहिली आहे.

तळघरात खुर्च्यांची रांग मांडायची. तिला काउंटर म्हणायचं. काही जण बसत, बाकीचे गोरे गुंड होत. ते शिव्या देत, कानाजवळ तोंड नेऊन घाणेरडं बोलत, केस ओढत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली खेचत. पडल्यावर डोकं आणि पोट कसं वाचवायचं, शेजारच्यावर मार येत असेल तर आपलं अंग मध्ये कसं घालायचं, हे शिकवलं जाई. मग भूमिका बदलायच्या. शिव्या खाणाऱ्यानं शिव्या द्यायच्या. हे पुन्हा पुन्हा, महिनोन्‌महिने. ज्याला स्वतःवर ताबा ठेवता येणार नाही असं वाटे त्यानं ठिय्यात बसायचं नाही, इतर काम करायचं, आणि यात कमीपणा नव्हता. आपल्याला भयंकर भीती वाटायची, असं डायॅन नॅश यांनीच पुढे सांगितलं आहे.

नोव्हेंबर-डिसेंबर १९५९ मध्ये दोन दुकानांत चाचणी घेतली: जायचं, बसायचं, नकार ऐकायचा, व्यवस्थापकाशी सभ्यपणे बोलायचं, परत यायचं. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये चार विद्यार्थी वूलवर्थच्या काउंटरवर जाऊन बसले आणि त्यांच्यामुळे देशभर ठिणगी पडली. ठिणगी ग्रीन्सबरोची, पण सरपण नॅशव्हिलमध्ये आधीच रचून तयार होतं. १३ फेब्रुवारीला, बर्फ पडत असताना, १२४ विद्यार्थी चांगले कपडे करून, अभ्यासाची पुस्तकं काखेत मारून शहरात गेले आणि काउंटरवर बसून अभ्यास करू लागले. लुइस आणि लाफायेट यांनी नियमांचा एक कागद काढला होता. मारलं तरी उलट मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्यानं हसू नका. म्होरक्यानं सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. शाळेच्या सहलीच्या सूचना वाटाव्यात इतका कोरडा कागद तो.

२७ फेब्रुवारीला जमाव चालून आला. मुलांना मारलं, खाली ओढलं, अंगावर सिगारेटी विझवल्या. पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून बसलेल्यांना पकडलं, ८० च्या वर मुलांना. आणि इथे तालमीचा अर्थ कळतो. पहिली रांग पोलिसांच्या गाडीत चढताच दुसरी रांग येऊन त्याच स्टुलांवर बसली. ती नेली, तिसरी आली. पोलिसांना वाटलं होतं की अटक हे शेवटचं हत्यार आहे. मुलांनी ते वेळापत्रकात धरलं होतं. कोर्टानं ५० डॉलर दंड ठोठावला तर तो न भरता तुरुंग पत्करायचा, हेही ठरलेलं. मार्चमध्ये व्हँडरबिल्टनं लॉसन यांना काढून टाकलं. ईस्टरच्या तोंडावर कृष्णवर्णीय कुटुंबांनी शहरातल्या दुकानांत खरेदीच बंद केली. आपल्याकडे दिवाळीच्या आठवड्यात बाजार ओस पडावा तसं झालं.

१९ एप्रिलला पहाटे विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. लूबी पतिपत्नी वाचले. समोरच्या मेडिकल कॉलेजच्या खिडक्या फुटल्या. त्याच दिवशी तीन-चार हजार लोक नगरपालिकेवर चालत गेले. घोषणा नाही, गाणं नाही, नुसता पायांचा आवाज. पायऱ्यांवर डायॅन नॅश यांनी महापौर बेन वेस्ट यांना विचारलं, केवळ वंशावरून किंवा रंगावरून माणसाला वेगळं वागवणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? वेस्ट यांनी कबूल केलं, हो, चूक वाटतं. १० मे १९६० रोजी सहा दुकानांचे काउंटर उघडले. तेही कसे, तर दुकानदारांशी आधी वेळ ठरवून. निवडक गिऱ्हाइकं लहान लहान गटांनी गेली आणि जेवून आली. वर्तमानपत्रांना गाजावाजा करू नका म्हणून सांगितलं होतं. विजयाचीही तालीम झाली होती.

इथे कुणी म्हणेल, महापौरांचं मन वळलंच की. हेच तर हृदयपरिवर्तन! मला ते पटत नाही. वेस्ट माणूस बरा असेल, पण दोन महिने ओस पडलेला बाजार, भरलेला तुरुंग आणि फुटलेलं घर नसतं तर तो प्रश्न त्यांना विचारायला कुणी पायऱ्यांवर पोचलं नसतं. देशाच्या मनाचं म्हणाल तर आकडे उपलब्ध आहेत. १९६१ मध्ये वर्णविभागणी मोडायला बसमधून दक्षिणेत गेलेल्या फ्रीडम रायडर्सबद्दल गॅलप या संस्थेनं अमेरिकनांना विचारलं, तेव्हा ६१ टक्के लोकांनी नापसंती सांगितली. १९६६ मध्ये खुद्द किंग यांच्याबद्दल ६३ टक्क्यांचं मत वाईट होतं. आज ज्यांचे पुतळे आहेत ते त्या काळी नकोसे झालेले लोक होते. नागरी हक्क कायदा २ जुलै १९६४ चा, मतदानहक्क कायदा ६ ऑगस्ट १९६५ चा. आधी कायदा आला, मनं मागून रांगत आली. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला १९५८ मध्ये ४ टक्के अमेरिकनांची संमती होती. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा लग्नांवरची बंदी उठवली, तेव्हाही १६ राज्यांत ती लागू होती आणि बहुमत विरोधातच होतं. २०२१ मध्ये संमती ९४ टक्क्यांवर पोचली. न्यायालय लोकांचं मन वळण्याची वाट बघत बसलं असतं तर दोन पिढ्या गेल्या असत्या.

जाता जाता न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट. १९४६ पासून भारतातून वर्षाला फक्त १०० माणसांना अमेरिकेत स्थायिक होता येई. वंश बघून ठरवलेला तो कोटा ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्यानं मोडीत निघाला, आणि तो कायदा या चळवळीच्याच रेट्यात, तिच्याच भाषेत संसदेतून पार पडला. मराठी डॉक्टर-इंजिनिअर तिथे गेले ते यानंतर. तिथल्या एडिसन गावातल्या गणपतीत आरती झाल्यावर कुणी तरी हे सांगत जावं. आम्ही आमच्या गुणवत्तेवर आलो, हे वाक्य तिथे फार ऐकू येतं. गुणवत्ता १९६० मध्येही होती. दार बंद होतं.

टेलिव्हिजन नसता तर काही झालं नसतं, हा आणखी एक आक्षेप. यात तथ्य आहे. पण टेलिव्हिजन प्रतिस्पर्ध्यालाही उपलब्ध होता. जॉर्जियातल्या ऑल्बनी शहरात १९६१-६२ मध्ये पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट यांनी चळवळीचा अभ्यास केला. कॅमेऱ्यासमोर काठी उचलायची नाही, सभ्यपणे अटक करायची, आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतले तुरुंग आधीच मोकळे करून ठेवायचे. तुरुंग भरलेच नाहीत आणि किंग जवळपास रिकाम्या हातांनी परतले. समोरच्यानं जास्त चांगली तालीम केली होती, एवढंच. त्यातून शिकून १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या लढ्याची आखणी झाली. किंग यांचे सहकारी वायट वॉकर यांनी चर्चपासून बाजारापर्यंत चालायला तरुणाला किती वेळ लागतो आणि म्हाताऱ्याला किती, हे घड्याळ लावून मोजलं. कुठल्या दुकानात किती स्टुलं आहेत तेही मोजून ठेवलं. पुढे निदर्शकांवर पोलिसांनी सोडलेले कुत्रे आणि पाण्याचे फवारे जगानं पाहिले. मोजलेली स्टुलं कुणी पाहिली नाहीत.

आता एक अडचणीची गोष्ट, जी गांधीवादी मंडळी सांगायची टाळतात. दक्षिणेतल्या अनेक अहिंसक कार्यकर्त्यांच्या घरी रात्री बंदुका असत. मॉन्टगोमेरीत घरावर बॉम्ब पडल्यावर किंग यांच्याही घरी होत्या. लुइझियानात १९६४ मध्ये ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ या नावानं सशस्त्र पहारा उभा राहिला, तो कार्यकर्त्यांच्याच रक्षणासाठी. म्हणून अहिंसा खोटी ठरत नाही. पण ती साधुत्व नव्हती, दिवसाउजेडी, भर बाजारात, ठरवून वापरायचं कसब होतं. ब्लॅक पँथर पक्ष ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये स्थापन झाला आणि त्यांनी तर बंदूक उघड खांद्यावर घेतली. त्यांच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांच्या त्या पिढीचं ऋण मराठीवर मोठं आहे. तरी मला वाटतं की आपण अमेरिकेतल्या पँथरचं जाकीट आणि मूठ पाहिली, त्यांची न्याहारी नीट पाहिली नाही. जानेवारी १९६९ पासून ते ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांना रोज सकाळी फुकट खाऊ घालत होते, आणि बघता बघता हा कार्यक्रम अनेक शहरांत पसरला. एफबीआयचे प्रमुख हूवर यांना या न्याहारीची धास्ती वाटत होती. पोलिसी डोक्याला जे कळलं ते कवितेच्या धुंदीत आपल्याकडून सुटलं.

वॉशिंग्टनच्या मोर्च्याचंही तसंच. २८ ऑगस्ट १९६३, अडीच लाख माणसं. ती जमवणारे बायर्ड रस्टिन यांना दोन महिनेसुद्धा मिळाले नव्हते. रस्टिन यांनी सूचनांची पुस्तिका काढली. त्यात उन्हात खराब होईल म्हणून सँडविचला मेयोनेझ लावू नका, इथपर्यंत लिहिलं होतं. न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये स्वयंसेवकांनी चीज सँडविचचे ८०,००० डबे भरले. शेवटच्या माणसाला ऐकू आलं नाही तर गोंधळ होतो म्हणून महागडी ध्वनियंत्रणा हवी, असा रस्टिन यांनी हट्ट धरला. आदल्या रात्री कुणी तरी ती बिघडवली आणि लष्कराच्या तंत्रज्ञांना बोलवून ती दुरुस्त करून घ्यावी लागली. ते भाषण जगाला ऐकू आलं ते या खटपटीमुळे. पण रस्टिन समलैंगिक होते, म्हणून त्यांचं नाव पुढे करायला पुढारी कचरत. आणि त्या दिवशीच्या मुख्य वक्त्यांच्या यादीत बाई नव्हती. केक विकून पैसा उभा करायचा बायकांनी, सायक्लोस्टाइल फिरवायचं बायकांनी, तुरुंगात जायचं बायकांनी, माइक पुरुषांकडे. चळवळीतल्या जुन्या संघटक एला बेकर आयुष्यभर हेच सांगत राहिल्या की मजबूत लोकांना मजबूत पुढारी लागत नाहीत. एप्रिल १९६० मध्ये ठिय्या देणाऱ्या विद्यार्थ्यांना नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली (Raleigh) शहरात एकत्र आणून त्यांनी त्यांची स्वतंत्र संघटना उभी राहू दिली, कुणाच्या पदराला बांधली नाही.

तालमीनं सगळं होतं असं मी म्हणत नाही. काउंटरवर बसता आलं तरी कॉफीचे पैसे खिशात हवेत. वॉशिंग्टनच्या मोर्च्याच्या नावातच ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्य’ होतं आणि दोन डॉलर किमान वेतनाची मागणी होती. स्वातंत्र्यातलं थोडं मिळालं, नोकऱ्यांचं राहूनच गेलं. १९६६ मध्ये किंग शिकागोत घरांच्या प्रश्नावर गेले, तेव्हा उत्तरेतल्या गोऱ्यांनी दगड मारले. बसायची जागा द्यायला दुकानदाराला काही खर्च नव्हता. घर, पगार, शाळा द्यायच्या म्हणजे कुणाच्या तरी ताटातलं कमी होतं, आणि तिथे विरोध दक्षिणेच्या हद्दीत राहत नाही.

१ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिसमध्ये पावसात आडोसा घेतलेले दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. १,३०० कामगारांनी संप केला. गळ्यात पाट्या घातल्या: मी माणूस आहे. संपाला मदत करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद एका स्थानिक मेथडिस्ट धर्मगुरूंकडे होतं. ते म्हणजे जेम्स लॉसन. किंग यांना मेम्फिसला बोलावलं ते त्यांनीच. ४ एप्रिलला किंग यांचा खून झाला. १६ एप्रिलला शहरानं युनियनला मान्यता दिली आणि तासाला काही सेंटांची पगारवाढ कबूल केली. पुढे काही महिन्यांनी, तो करार पाळला जावा म्हणून, युनियनला पुन्हा संपाची नोटीस बजावण्याची धमकी द्यावी लागली.